क्षयरुग्णांच्या रक्तात मेट पेशी कमी दिसल्या, तर आधी काय तपासायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. फुप्फुसाच्या सक्रिय क्षयाच्या रुग्णांचं रक्त घेतलं, पीबीएमसी (रक्तातून वेगळ्या काढलेल्या लिम्फोसाइट आणि मोनोसाइट पेशी) गोठवून ठेवले आणि पुढे एकदम वितळवून फ्लोवर, म्हणजे रंग लावलेल्या पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्रावर, चालवले. सीडी३ पेशींमधून, म्हणजे टी पेशींमधून, व्हीअल्फा७.२ आणि सीडी१६१ या पृष्ठभागावरच्या खुणांचा गेट (आलेखावर हव्या त्या पेशी वेगळ्या काढणारी चौकट) लावला, तर रुग्णांमध्ये मेट (एमएआयटी) नावाच्या टी पेशी निरोगी माणसांच्या निम्म्याहून कमी निघतात. आयएनकेटी या आणखी दुर्मीळ टी पेशींच्या गेटमध्ये काही नमुन्यांत जेमतेम पाच ठिपके, म्हणजे पाच पेशी. गॅमा-डेल्टा पेशी (वेगळ्या घडणीच्या रिसेप्टरच्या टी पेशी) कुणात वर, कुणात खाली. गाईडचं म्हणणं, पॅनेल (एका ट्यूबमध्ये एकत्र घालायच्या रंगीत अँटिबॉडींचा संच) अठरा रंगांचं करा आणि थोडे नमुने सिंगल सेल सिक्वेन्सिंगला (एकेका पेशीतली चालू जनुकं वाचायला) पाठवा. तुमचा प्रश्न : हाती आलेल्या आकड्यांना निष्कर्ष म्हणायचं का, आणि उरलेला पैसा कशावर घालायचा?

माझं मत, पॅनेल आत्ता वाढवू नका. मेट पेशी कमी दिसणं बहुधा खरंच आहे. २०१० मध्ये पॅरिस आणि पोर्टलंडच्या दोन गटांनी स्वतंत्रपणे, सक्रिय क्षयात रक्तातल्या मेट पेशी घटलेल्या दिसतात असं मांडलं होतं, त्यामुळे तुमचा निकाल ओळीतलाच आहे. पण त्या घटीतला किती वाटा क्षयाचा आणि किती ट्यूबचा, वयाचा, रक्तातल्या साखरेचा नि गेटचा, हे तुम्ही दिलेल्या माहितीवरून कुणालाच सांगता येणार नाही. चार रंगांत जो आकडा डळमळतो तो अठरा रंगांत स्थिर होत नाही. त्याच्याभोवती फक्त जास्त आलेख जमा होतात.

या पेशी इतर टी पेशींसारख्या का वागत नाहीत, ते आधी दोन शब्दांत सांगतो, कारण मोजणीतल्या बहुतेक अडचणी तिथूनच येतात. नेहमीच्या टी पेशी एचएलए या पेशींच्या पृष्ठभागावरच्या रेणूंवर मांडलेले पेप्टाइड (प्रथिनांचे तुकडे) ओळखतात आणि एचएलए माणसागणिक वेगळं असतं. मेट, आयएनकेटी आणि गॅमा-डेल्टा या तिघी मात्र जवळपास सगळ्यांत सारख्याच असलेल्या रेणूंवर अवलंबून असतात. मेट पेशी एमआर१ वर बसलेलं ५-ओपी-आरयू ओळखतात. जिवाणू रायबोफ्लेविन, म्हणजे ब२ जीवनसत्त्व, बनवताना मधल्या टप्प्यात येणाऱ्या पदार्थापासून तयार होणारं ते संयुग. क्षयाचा जिवाणू हा मार्ग चालवतो, ई. कोलाय आणि साल्मोनेला चालवतात, कॅन्डिडाही चालवते. लिस्टेरिया चालवत नाही. आयएनकेटी सीडी१डी वरचे ग्लायकोलिपिड ओळखतात. त्यांचं प्रयोगशाळेतलं आवडतं खाद्य, अल्फा-गॅलसर, मुळात ओकिनावाजवळच्या समुद्रातल्या स्पंजपासून निघालं, आणि ते शोधलं किरिन या बिअरसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीच्या संशोधकांनी. गॅमा-डेल्टामधल्या व्हीगॅमा९-व्हीडेल्टा२ पेशी फॉस्फोअँटिजेन (फॉस्फेट असलेले छोटे रेणू) ओळखतात, बीटीएन३ए१ आणि बीटीएन२ए१ या ब्युटिरोफिलिन प्रथिनांच्या मदतीने. क्षयाचा जिवाणू आणि मलेरियाचा परजीवी दोघेही एचएमबीपीपी हे फॉस्फोअँटिजेन बनवत असल्यामुळे आपल्याकडे या पेशींना कामाची कमतरता नाही.

याचा फायदा असा की एकच टेट्रामर (एमआर१ किंवा सीडी१डी सारख्या चार रेणूंचा रंग लावलेला गठ्ठा, जो नेमक्या रिसेप्टरला चिकटतो) सगळ्या रुग्णांना चालतो, एचएलए टायपिंगची भानगड नाही. तोटा असा की या पेशी आधीपासूनच कार्यसज्ज असतात, आणि जरा काही बिघडलं की त्यांच्या पृष्ठभागावरच्या खुणा बदलतात. नमुना हाताळतानाही बदलतात. म्हणून मी सुरुवात नेहमी रक्ताच्या ट्यूबपासून करतो.

पहिला प्रश्न : रक्त घेतल्यापासून फायकॉलवर (पीबीएमसी वेगळे करणाऱ्या द्रावणावर) चढेपर्यंत किती तास गेले? आणि रुग्ण व निरोगी गटात ते तास सारखे होते का? बहुतेक अभ्यासांत ते सारखे नसतात. निरोगी माणसं म्हणजे तुमचे सहकारी, त्यांचं रक्त जिना उतरून अर्ध्या तासात येतं. रुग्णाचं रक्त तालुक्याच्या केंद्रावरून दुपारच्या उन्हात मोटरसायकलवर येतं आणि संध्याकाळी चढतं. उशीर झाला की ग्रॅन्युलोसाइट सक्रिय होतात, त्यांची घनता बदलते, ते पीबीएमसीच्या थरात शिरतात, आणि जिवंत टी पेशींचं उत्पन्न घटतं. पेशींचं काम तपासायचं असेल तर सोडियम हेपरिनची हिरवी ट्यूब घ्या, १८ ते २५ अंशांत ठेवा, बर्फावर अजिबात नाही, आणि आठ तासांच्या आत प्रक्रिया संपवा. नुसती संख्या हवी असेल तर ईडीटीएची जांभळी ट्यूब चालते. मे महिन्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात गाडीच्या डिकीतलं तापमान काय असतं हे वेगळं सांगायला नको. खोक्यात तापमाननोंद करणारा छोटा लॉगर टाका, स्वस्त असतो. वेळ पाळणं शक्यच नसेल तर निरोगी गटाचं रक्तही मुद्दाम तितकेच तास थांबवून ठेवा. हे ऐकून विद्यार्थी नाराज होतात, पण तुलना त्याशिवाय होत नाही.

गोठवणं-वितळवणं ही दुसरी गाळणी. ९० टक्के सीरम आणि १० टक्के डीएमएसओ, मिनिटाला एक अंश या वेगाने उणे ८० पर्यंत, मग नायट्रोजनच्या वाफेत. इथवर सगळेच करतात. चूक होते ती नंतर. नमुने उणे ८० मध्येच महिनोन्महिने पडून राहतात, मधूनच लाइट जाते, जनरेटर उशिरा लागतो. सक्रिय झालेल्या पेशी वितळवताना जास्त मरतात, आणि क्षयरुग्णांत नेमक्या त्याच पेशी तुम्हाला पाहायच्या असतात. म्हणजे आजार आणि फ्रीझर दोघेही आकडा एकाच दिशेला ढकलतात, आणि गोठवलेल्या नमुन्यावरून त्यांची वाटणी करता येत नाही. उपाय कंटाळवाणा आहे. प्रत्येक नमुन्याची वितळल्यानंतरची जिवंत टक्केवारी लिहा, ७० टक्क्यांखालचे बाजूला ठेवा, आणि किमान काही रुग्णांत ताज्या रक्तावर केलेली मोजणी गोठवलेल्या मोजणीशी जोडून दाखवा. वितळवताना माध्यमात डीएनएज घालायला विसरू नका. मेलेल्या पेशींचा डीएनए चिकटून गोळे होतात आणि दुर्मीळ पेशी त्या गोळ्यांत अडकतात.

आता त्या पाच ठिपक्यांकडे येऊ. रक्तातल्या टी पेशींमध्ये आयएनकेटी साधारण ०.०१ ते १ टक्का असतात, बहुतेकांत ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा खाली. मेट पेशी निरोगी प्रौढांत १ ते १० टक्के, गॅमा-डेल्टाही साधारण त्याच पट्ट्यात. दुर्मीळ घटना मोजताना मोजणीतली चूक ठिपक्यांच्या संख्येच्या वर्गमुळावर ठरते : १०० ठिपके असतील तर १० टक्के, ४०० असतील तर ५ टक्के. पाच ठिपक्यांवर ९५ टक्के विश्वासपल्ला सुमारे १.६ ते ११.७ इतका पसरतो. म्हणजे एका रुग्णात पाच आणि दुसऱ्यात दहा दिसले तर तुम्ही दोन माणसांतला फरक पाहत नाही, नशीब पाहताय. ०.०५ टक्के आयएनकेटी असलेल्या माणसात १०० ठिपके हवे असतील तर २ लाख टी पेशी मशीनमधून जायला हव्यात, ०.०१ टक्के असतील तर १० लाख. एक मिलिलीटर रक्तातून साधारण १० लाख पीबीएमसी मिळतात. गोठवणं, वितळवणं आणि धुण्यातली गळती धरा, त्यात टी पेशी दोनतृतीयांश धरा, तर आयएनकेटीसाठी एका रुग्णाचं चार-पाच मिलिलीटर रक्त नुसत्या एका ट्यूबला लागतं. तुम्ही तेच पीबीएमसी तीन पॅनेलांत वाटले असतील तर आयएनकेटीचा आकडा छापू नका. मेटचा छापता येईल.

मशीन चालवताना लिम्फोसाइटच्या ठरावीक संख्येवर थांबण्याची सवय मोडा, ट्यूब रिकामी होईपर्यंत चालवा. दोन नमुन्यांच्या मध्ये पाण्याची ट्यूब चालवा. आधीच्या नमुन्यातून वाहून आलेल्या दहा पेशी मेटमध्ये कळणार नाहीत, आयएनकेटीमध्ये सगळा निकाल उलटवतील.

रंगकामात सगळ्यात महत्त्वाचा बदल तुम्हाला करायचा आहे तो टेट्रामरचा. व्हीअल्फा७.२ अधिक सीडी१६१ हा गेट टेट्रामर मिळत नव्हते तेव्हाचा आहे. निरोगी प्रौढांच्या सीडी८ पेशींत तो अजूनही ठीक चालतो. पण सीडी४ पेशींत त्या गेटमधल्या बऱ्याच पेशी मेट नसतातच, लहान मुलांत तो फसवतो, आणि आजारात सीडी१६१ पृष्ठभागावरून उतरला तर जिवंत मेट पेशी गेटबाहेर पडते नि तुम्ही तिला मेलेली धरता. एचआयव्हीच्या रुग्णांत हाच वाद झाला होता, पेशी गेल्या की नुसता सीडी१६१ गेला. आणि टेट्रामरशिवाय तो सुटण्यासारखा नव्हता. अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठात एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेची टेट्रामर कोअर, म्हणजे टेट्रामर बनवून देणारी प्रयोगशाळा, आहे. एमआर१ आणि सीडी१डी दोन्ही ती पुरवते, अर्ज करावा लागतो. ५-ओपी-आरयू भरलेल्या एमआर१ सोबत ६-एफपी भरलेला एमआर१ कंट्रोल म्हणून मागवा. ६-एफपी हा फोलिक आम्लाच्या विघटनातून येतो, तो एमआर१ वर बसतो पण मेट पेशींना जवळजवळ दिसत नाही. सीडी१डीसाठी पीबीएस-५७ (अल्फा-गॅलसरसारखं संयुग) भरलेला आणि रिकामा, अशी जोडी मागवा. रिकाम्या टेट्रामरवर जे चमकतं ते वजा केल्याशिवाय आयएनकेटीचा आकडा मी तरी मानत नाही.

क्रम महत्त्वाचा आहे, आणि पत्रकांत तो बारीक अक्षरात असतो. आधी मृत पेशींचा रंग आणि एफसी ब्लॉक (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू न देणारा), मग टेट्रामर, मग बाकीची अँटिबॉडी. व्हीअल्फा७.२ चा ३सी१० क्लोन, म्हणजे त्या नावाची अँटिबॉडी, आधी घातला तर तो रिसेप्टरवरची जागा अडवतो आणि एमआर१ टेट्रामर फिका पडतो. आयएनकेटीच्या ६बी११ क्लोनचं आणि सीडी१डी टेट्रामरचं नातंही असंच आहे. दोघांना एकाच जागेत रस. सीडी८ रेणू स्वतः एमआर१ ला हात लावतो, म्हणून सीडी८ चं अँटिबॉडीही टेट्रामरनंतरच. टेट्रामरआधी अर्धा तास ३७ अंशांवर ५० नॅनोमोलर डासाटिनिब हे औषध दिलं तर रिसेप्टर आत ओढला जात नाही आणि सिग्नल ठसठशीत येतो. पण दिलं तर सगळ्या नमुन्यांना द्या. टेट्रामर पीई किंवा तितक्याच तेजस्वी रंगात ठेवा, त्याच्या शेजारच्या डिटेक्टरवर काही जोरात चमकणारं ठेवू नका, आणि कधीही गोठवू नका. मोनोमर, म्हणजे टेट्रामरचा सुटा घटक, उणे ८० मध्ये राहतो. जोडलेला टेट्रामर ४ अंशांवर, अंधारात. प्रत्येक नव्या खेपेचं टायट्रेशन करा, म्हणजे योग्य मात्रा तपासून ठरवा. मागच्या खेपेची मात्रा यालाही चालेल असं धरून चालू नका.

गेट लावताना लोक सवयीने आधी सीडी४ आणि सीडी८ वेगळे करतात. इथे ते करू नका. मेट पेशी बहुतेक सीडी८ असतात पण सगळ्या नाहीत, आयएनकेटींत सीडी४ असलेल्या आणि दोन्ही नसलेल्या अशा मुख्य शाखा, गॅमा-डेल्टा बहुतेक दोन्ही नसलेल्या. आधी एकेरी पेशी, मग जिवंत, मग सीडी१४ आणि सीडी१९ नसलेल्या, मग सीडी३, आणि तिथून गॅमा-डेल्टा बाजूला काढून उरलेल्यांत टेट्रामर. गॅमा-डेल्टा पेशींवर सीडी३ जास्त असतो, त्यामुळे सीडी३ चा गेट वरून घट्ट लावला की व्हीडेल्टा२ चा अर्धा ढग कापला जातो. तुमच्या ‘कुणात वर, कुणात खाली’ मागे हे असू शकतं.

एक गोष्ट जरा रागानेच लिहितो. सीडी३ आणि सीडी५६ दोन्ही असलेल्या पेशींना ‘एनकेटी’ म्हणून अजूनही प्रबंध सादर होतात. त्या ढगात आयएनकेटी जवळजवळ नसतात; तिथे असतात त्या जुन्या, मुरलेल्या सीडी८ पेशी, काही गॅमा-डेल्टा आणि काही मेट. तुमच्या मसुद्यात असा एक आलेख आहे. काढा.

गॅमा-डेल्टांचा एकच एकत्र आकडा देणंही निरर्थक आहे. व्हीडेल्टा२ आणि व्हीडेल्टा१ वेगळ्या गोष्टींना उत्तर देतात. व्हीडेल्टा२ फॉस्फोअँटिजेनला. व्हीडेल्टा१ सायटोमेगॅलोव्हायरसमुळे फुगतात. मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या रुग्णांत बोर्डोच्या गटाने हे १९९९ मध्ये दाखवलं. आपल्याकडे बहुतेक प्रौढांना हा विषाणू होऊन गेलेला असतो, त्यामुळे एका माणसात व्हीडेल्टा१ मोठा आणि व्हीडेल्टा२ लहान, दुसऱ्यात उलट, आणि बेरीज सारखीच, असं सर्रास दिसतं. पॅन गॅमा-डेल्टा, व्हीडेल्टा१ (टीएस८.२) आणि व्हीडेल्टा२ (बी६) एकाच ट्यूबमध्ये घाला आणि तिन्ही एकत्र घालूनच टायट्रेट करा, कारण पॅन अँटिबॉडीला बाकीच्यांमुळे जागा अपुरी पडते. खारघरच्या अॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात शुभदा चिपळूणकर यांच्या गटाने कर्करुग्णांतल्या गॅमा-डेल्टा पेशींवर दीर्घकाळ काम केलंय. सुरुवात करणाऱ्याने ते निबंध पद्धतीसाठी वाचावेत, निष्कर्षांसाठी नंतर.

टक्केवारीबद्दलही तेच. समजा निरोगी माणसात मायक्रोलिटरला १००० टी पेशी आणि मेट ३ टक्के, म्हणजे ३०. क्षयरुग्णात लिम्फोसाइट घसरून टी पेशी ६००, मेट तेच ३ टक्के, म्हणजे १८. टक्केवारी म्हणते काहीच झालं नाही. उलटही होतं : विषाणूमुळे नेहमीच्या सीडी८ फुगल्या की मेटची टक्केवारी पडते आणि संख्या जागच्या जागी राहते. तुमच्याकडे त्याच दिवसाचा सीबीसी असेल तर लिम्फोसाइटच्या आकड्यावरून ढोबळ निरपेक्ष संख्या काढता येते. यापुढचे नमुने घेताना ५० ते १०० मायक्रोलिटर अखंड रक्त मोजणीच्या मण्यांच्या ट्यूबमध्ये त्याच दिवशी रंगवा. तिथे फायकॉल नाही, फ्रीझर नाही, गळती नाही. सगळ्या पैशातला सर्वात सार्थ खर्च हाच.

मग रुग्ण. इथे खरा गुंता आहे. मेट पेशी गर्भनाळेच्या रक्तात अत्यल्प असतात, वाढत्या वयात भराभर वाढतात, तरुणपणी शिखर गाठतात आणि पुढे ओसरतात. तुमचे निरोगी लोक पंचविशीचे पीएचडी विद्यार्थी आणि रुग्ण पन्नाशीचे असतील, तर निम्म्याहून कमी मेट पेशी क्षयाशिवायही मिळू शकतात. टाइप २ मधुमेहात आणि लठ्ठपणात मेट पेशी घटतात. दारूमुळे यकृत बिघडलेल्यांत घटतात. एचआयव्हीत घटतात आणि औषधं सुरू करूनही पूर्ण भरून येत नाहीत. आता आपल्या क्षयरुग्णांची यादी डोळ्यासमोर आणा : मधुमेह किती जणांना, दारू किती जणांना? राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात रुग्णाची एचआयव्ही आणि रक्तशर्करेची तपासणी होतेच, ती माहिती निक्षय या सरकारी पोर्टलच्या नोंदीत असते. रीतसर परवानगी घेऊन ती मिळवा आणि मधुमेही-क्षयरुग्णांच्या शेजारी क्षय नसलेले मधुमेही बसवा. हा गट नसेल तर परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारेल आणि तो बरोबर असेल. स्टेरॉइड चालू आहे का, क्षयाच्या औषधाचा पहिला डोस रक्त घेण्याआधी झाला होता का, हेही लिहा.

पावसाळ्यात निरोगी माणसं गोळा करताना आणखी सावध. विषाणू रायबोफ्लेविन बनवत नाहीत, तरी डेंग्यूत मेट पेशी सक्रिय होतात. कारण आयएल-१८ आणि आयएल-१२ सारखी सायटोकाइन त्यांना रिसेप्टरला हात न लावताही उठवतात. चार दिवसांपूर्वी ताप येऊन गेलेला ‘निरोगी’ स्वयंसेवक सीडी३८ ही सक्रियतेची खूण चमकवत आला तर तुमची आधाररेषाच वर जाते. ताप, जुलाब, लस, मागच्या चार आठवड्यांत काहीही झालं असेल तर त्याला महिनाभराने बोलवा.

एवढं सगळं जुळवूनही मेट पेशी कमीच निघाल्या, तर अर्थ काय लावायचा? पेशी मेल्या असतील. फुप्फुसात गेल्या असतील. रिसेप्टर आत ओढून गेटबाहेर गेल्या असतील. रक्तावरून पहिल्या दोघांत निवड करता येत नाही. एसटी स्टँडवर माणसं कमी दिसली म्हणून गाव ओस पडलं असं कुणी म्हणत नाही, आणि यकृतात तर मेट पेशी टी पेशींच्या ४५ टक्क्यांपर्यंत असू शकतात. कुष्ठरोगात १९८९ मध्येच दिसलं होतं की गॅमा-डेल्टा पेशी व्रणांत साठतात. नुसतं रक्त पाहणाऱ्याला ते कळलं नसतं. तुमच्या रुग्णालयात ब्रॉन्कोस्कोपी नेहमीच्या कारणासाठी होत असेल तर उरलेला लव्हाज द्रव (फुप्फुस धुऊन काढलेलं पाणी) मिळतो का विचारा. फुप्फुसाच्या आवरणातलं पाणी काढलेलं असेल तर ते आणखी सोपं, पेशीही भरपूर. पण त्यासाठी नैतिक समितीची वेगळी मंजुरी लागते. रक्ताच्या संमतिपत्रात ते बसत नाही.

स्थितीच्या खुणांबद्दल थोडंच सांगतो. सीडी३८ आणि एचएलए-डीआर एकत्र, सीडी६९, पीडी-१ : एवढ्यात क्षयातली सक्रियता दिसते. मेट पेशींना सीडी४५आरए आणि सीसीआर७ वर विभागण्यात हशील नाही, प्रौढांत त्या जवळजवळ सगळ्या स्मृतिपेशीच असतात. व्हीडेल्टा पेशींत मात्र सीडी२७ आणि सीडी४५आरए चं विभाजन उपयोगी पडतं. पीएलझेडएफ (या पेशींची घडण ठरवणारं केंद्रकातलं प्रथिन) पाहायचा असेल तर केंद्रकासाठीचं बफर वापरा, साधं सॅपोनिन पुरत नाही.

पेशींचं काम तपासताना वेळ हाच प्रयोग असतो. स्थिर केलेल्या ई. कोलायसोबत पाच-सहा तासांत येणारा इंटरफेरॉन-गॅमा बहुतांशी एमआर१ मार्गाचा. रात्रभर ठेवलं की आयएल-१२ आणि आयएल-१८ त्यात मिसळतात. २६.५ क्लोनच्या अँटिबॉडीने एमआर१ अडवलेली एक ट्यूब नेहमी ठेवा, नाहीतर दोन्ही वाटा एकाच आकड्यात गुंडाळल्या जातात. पीएमए-आयोनोमायसिन (रिसेप्टरला वळसा घालून टी पेशींना उठवणारी रसायनं) दिल्यावर सीडी३, सीडी४ आणि रिसेप्टर खाली जातात, म्हणून टेट्रामर उत्तेजनाआधी. व्हीडेल्टा२ साठी एचएमबीपीपी वापरा. झोलेड्रोनेट अप्रत्यक्ष आहे, मोनोसाइटमधला एक एन्झाइम अडवून आयपीपी हे पेशीतलंच फॉस्फोअँटिजेन साठवतं. ज्या नमुन्यात मोनोसाइट कमी त्यात प्रतिसादही कमी, आणि क्षयरुग्णांत मोनोसाइटचं प्रमाण बदललेलं असतं. अल्फा-गॅलसर आणि आयएल-२ वर दोन आठवडे वाढवून आयएनकेटी दिसतात खऱ्या, पण ती वाढण्याची क्षमता झाली. मूळ संख्या त्यावरून काढू नका.

सिंगल सेलबद्दल गाईडना माझा निरोप द्या : नमुना वाया जाईल. गोठवलेल्या पीबीएमसीतून दहा हजार पेशी वाचल्या तर आयएनकेटी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या येतील. मेट पेशी टीआरएव्ही१-२ आणि टीआरएजे३३, १२ किंवा २० या रिसेप्टरच्या जनुकांच्या जोडीवरून, शिवाय एसएलसी४ए१० आणि केएलआरबी१ या जनुकांवरून ओळखता येतात. पण गॅमा-डेल्टा पेशी सॉफ्टवेअर सर्रास एनके किंवा सीडी८ च्या गठ्ठ्यात टाकतं, आणि नेहमीच्या रिसेप्टर किटमध्ये गॅमा-डेल्टाचे प्रायमर नसतात. ते वेगळे घालावे लागतात. करायचंच असेल तर टेट्रामरने आधी सॉर्ट करा, आणि चार-सहा रुग्णांचे उपचारापूर्वीचे व नंतरचे नमुने जोडीने पाठवा.

शेवटी तुमच्या फ्रीझरमधल्या नमुन्यांचं काय करायचं ते. जिवंत टक्केवारीवर गाळा. वय, मधुमेह, एचआयव्ही जुळणारी निरोगी माणसं नव्याने घ्या, आणि प्रत्येक दिवशीच्या रनमध्ये रुग्ण व निरोगी मिसळून ठेवा. सोमवारी रुग्ण आणि मंगळवारी निरोगी असं केलंत तर मशीनचा मूडच निकाल म्हणून छापला जाईल. एका दात्याचे भरपूर पीबीएमसी छोट्या व्हायलांत गोठवा आणि प्रत्येक रनमध्ये एक व्हायल चालवा. त्याचा मेट टक्का कुठे हलतो ते पाहिलं की तुमच्या पद्धतीतली स्वतःची डगमग कळते, आणि त्याहून लहान फरकावर बोलायचं नाही. उपचार सहा महिन्यांचे असतील तर सुरुवात, दोन महिने आणि शेवट असे तीन नमुने त्याच रुग्णाचे घ्या. माणसामाणसांतला फरक या पेशींत इतका मोठा आहे की पन्नास वेगळ्या रुग्णांपेक्षा पंधरा रुग्णांचे तीन-तीन नमुने जास्त सांगतात. पॅनेल दहा रंगांत बसतं : मृत पेशींचा रंग आणि सीडी१४, सीडी१९ एका रंगात, सीडी३, एमआर१ टेट्रामर, पॅन गॅमा-डेल्टा, व्हीडेल्टा१, व्हीडेल्टा२, सीडी८, सीडी१६१, सीडी३८, पीडी-१. आयएनकेटी त्यात कोंबू नका. रक्त पुरलं तर त्यांना वेगळी ट्यूब, नाही पुरलं तर त्या सोडून द्या.

टेट्रामरचा अर्ज मात्र या आठवड्यातच करा, कारण मंजुरी मिळाली तरी कोरड्या बर्फातली पेटी कस्टममध्ये अडकू शकते. रंग जोडलेल्या टेट्रामरऐवजी बायोटिन लावलेला मोनोमर मागवा, ६-एफपीचाही त्याच अर्जात लिहा, आणि स्ट्रेप्टाव्हिडिन-पीई इथेच घेऊन लागेल तसं थोडं थोडं जोडा. पेटी येईल त्या दिवशी ती उचलायला कोण जाणार, हे आधी ठरवून ठेवा.